घरात मांजर आहे का?

बी.एड.ला आम्हाला सूक्ष्म अध्यापनात ‘प्रश्न विचारण्याचे कौशल्य’ होतं. प्रश्न सुटसुटीत हवा, एका वेळी एकच हवा, त्याचं उत्तर नुसतं ‘हो’ किंवा ‘नाही’ येईल असा तो नसावा, वगैरे. त्या पाठाला मला चांगले गुण पडले होते. पुढं इतकी वर्षं उर्दू शाळेत मराठी शिकवताना रोज शंभरेक प्रश्न विचारत आले. पण एका प्रश्नाची खरी किंमत कळली ती मागच्या दिवाळीच्या तोंडावर, मिरजेच्या एका दवाखान्यात. प्रश्न होता, ‘घरात मांजर आहे का?’ माझ्या धाकट्या बहिणीनं उत्तर दिलं, ‘नाही.’

ते उत्तर खोटं नव्हतं. तिच्या घरात मांजर नव्हतं. मांजर माझ्या घरात होतं.

जुलैच्या पावसात शाळेच्या खिचडीच्या शेडमागं एक पिल्लू भिजून कुडकुडत बसलेलं दिसलं. दुपट्ट्यात गुंडाळून घरी आणलं. माझा भाचा, बहिणीचा मुलगा, नऊ वर्षांचा, चौथीत. दोन गल्ल्या सोडून घर, त्यामुळं रोज असरच्या नमाजनंतर दप्तर घेऊन माझ्याकडं यायचा. त्यानंच पिल्लाचं नाव ठेवलं, मलाई. अभ्यास अर्धा तास, मलाईशी दंगा एक तास, असं वेळापत्रक आपोआप ठरून गेलं.

आमच्या घरांत मांजराला तशी मनाई नसते. पैगंबरांचे सोबती हजरत अबू हुरैरा यांचं हे नावच मुळी टोपणनाव. त्याचा अर्थ ‘मांजराच्या पिल्लाचा बाप’. मांजर नापाक नाही, ते तुमच्या घरात ये-जा करणाऱ्यांपैकीच आहे, अशा आशयाची हदीस अम्मी आम्हाला लहानपणापासून सांगायची. तरी माझ्या बहिणीला मांजर खपत नाही. जानमाजवर केस पडतात, दुधाला तोंड लावतं, ही तिची तक्रार. पोराला भेटायची परवानगी तिनं दिली होती, पण नाखुशीनं.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात दोरीशी खेळताखेळता मलाईनं त्याच्या उजव्या हातावर, मनगटाच्या जरा वर, दोन ओरखडे काढले. रक्ताची बारीक रेघ आली. मी हळद दाबली, फुंकर घातली आणि म्हटलं, “अम्मीला सांगू नकोस हं. ती मलाईला ठेवू देणार नाही.” त्यानं शहाण्यासारखी मान हलवली. पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून घरी गेला.

या चार ओळी लिहायला मला वर्ष लागलं.

आठवड्याभरानं ओरखड्याच्या जागी एक लालसर फोड आला. डास चावला असेल, असं सगळ्यांना वाटलं. आणखी दोन आठवड्यांनी त्याच बाजूच्या काखेत लिंबाएवढी गाठ आली. हात वर करताना दुखायचं. ताप असा नव्हताच, संध्याकाळी जरा अंग कोमट लागायचं. हाताला किंवा पायाला जखम झाली की काखेत, जांघेत अवधाण येतं, हे आपल्याकडं सगळ्यांना माहीत असतं. पण जखमच कुणाला माहीत नव्हती. शेजारच्या आजी गाठ चाचपून म्हणाल्या, “काखमांजरी झालीय पोराला. लेप लावा.” काखेतल्या गळवाला मराठीत हा जुना शब्द आहे. मी मराठीची बाई, मला तो माहीत होता. त्या शब्दाचा आणि या रोगाचा काही संबंध नाही, निव्वळ योगायोग. पण इतक्या मोठ्यानं ‘मांजर’ कानावर पडूनही मला माझं मांजर आठवलं नाही, हे आजही खटकतं. गावातल्या डॉक्टरांनी आधी साध्या गोळ्या दिल्या, मग म्हणाले, गाठ उतरली नाही तर टीबीची तपासणी करू. टीबी म्हटल्यावर घरातलं बोलणंच बंद झालं. आपल्या मुलखात गाठ म्हटलं की पहिली भीती तीच, आणि ती चुकीचीही नाही.

सहामाही परीक्षेच्या आठवड्यात, फजरच्या सुमाराला बहिणीचा फोन आला. नुसतं “आपा, आपा” ऐकू येत होतं. धावत गेले. पोराचे डोळे वर गेलेले, दात आवळलेले, हातपाय झटके देत होते. रात्री जेवून, दुसऱ्या दिवशीचा परिसर अभ्यास वाचून झोपला होता. झटका थांबेना. गावातल्या दवाखान्यात इंजेक्शन दिलं, थोडा सैल पडला, ॲम्ब्युलन्समध्ये पुन्हा सुरू. मिरजेत अतिदक्षता विभागात नेल्यावर झटके थांबले, पण पोरगा भानावर आला नाही.

दुसऱ्या दिवशी जागा झाला, तेव्हा जास्त घाबरलो. त्यानं नर्सच्या हाताला चावा घेतला. लाथा झाडल्या. कधी तोंडातून न निघालेल्या शिव्या दिल्या. आईकडं परक्या बाईकडं बघावं तसं बघितलं आणि पुन्हा गुंगीत गेला. त्याच्या दादीनं तिथंच ठरवून टाकलं, “हा असर आहे. मगरिबच्या वेळी चिंचेखाली खेळला असणार.” एका आमिलला फोनही झाला. आमच्या मशिदीचे इमामसाहेब मात्र दवाखान्यात येऊन पोराच्या डोक्यावर हात ठेवून दम करून गेले, आणि जाताना दादीला म्हणाले, “दुआ मी करतो, इलाज डॉक्टरांना करू द्या. दोन्ही अल्लाहच्याच घरचं आहे.” त्यांचे उपकार आम्ही विसरणार नाही.

तपासण्या सुरू होत्या. डोक्याचं सीटी स्कॅन, मग एमआरआय. दोन्ही व्यवस्थित. पाठीच्या मणक्यातून पाणी काढायचं म्हटल्यावर पुन्हा रडारड, कारण पाणी काढलं की मूल लुळं पडतं असा आपल्याकडं घट्ट समज. डॉक्टरांनी शांतपणे समजावलं, दाजींनी सही केली. त्या पाण्यातही काही सापडलं नाही. मेंदूचा आलेख, म्हणजे ईईजी, तेवढा मंद होता. मेंदूला सूज आहे, पण कशानं ते कळत नव्हतं. स्कॅन चांगला आला की माणूस खूश होतो. आम्ही मात्र प्रत्येक चांगल्या रिपोर्टनंतर जास्त काळजीत पडत होतो.

तिसऱ्या दिवशी व्हरांड्यात बसलेली बहीण वैतागून म्हणाली, “काय काय विचारतात, आपा. घर किती खोल्यांचं, नळाचं पाणी का टाकीचं, घरात कुत्रं आहे का, मांजर आहे का. मी नाही म्हणून मोकळी झाले. आपल्या मोहल्ल्याचं नाव ऐकलं की आपण घाणीतच राहतो असं वाटतं यांना.”

तिचा राग मला समजतो. पत्ता सांगितला की समोरच्याचा चेहरा बदलतो, हे आम्ही भाड्याच्या घरापासून बँकेपर्यंत अनुभवलेलं आहे. त्यामुळं साधा प्रश्नही आरोपासारखा ऐकू येतो, आणि माणूस उत्तर देण्याऐवजी बचाव करतो. पण त्या क्षणी माझं लक्ष तिच्या रागाकडं नव्हतं. ‘मांजर’ या शब्दाशी मी अडकले होते.

मी लगेच उठले असं सांगायला आवडलं असतं. तसं झालं नाही. दहा मिनिटं बसून राहिले. मांजर मी आणलं, ओरखडा मी लपवला, लेकराला गप्प राहायला मी शिकवलं. हे बहिणीसमोर कसं सांगायचं? आणि दोन ओरखड्यांचा मेंदूशी काय संबंध असणार, अशी स्वतःची समजूतही घालून बघितली. मग काचेतून पोराच्या नाकातली नळी दिसली आणि उठले.

निवासी डॉक्टर मुलगी होती, माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची. तिला सगळं सांगितलं. ती पटकन उठली, पोराची बाही वर केली. मनगटाच्या वर दोन फिकट रेघा आणि एक लहान खपली होती. तीन दिवस ती जागा सलाइनच्या पट्टीखाली अर्धी झाकलेली होती. तिनं मोठ्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांचा पहिला प्रश्न वेगळाच निघाला, “मांजर जिवंत आहे का?” आहे म्हटलं. “नक्की? ओरखडल्यानंतर दहा दिवसांनीही ठणठणीत होतं?” सकाळीच दूध पिऊन गेलं म्हटल्यावर त्यांनी सुस्कारा सोडला. रेबीजची शंका होती. ओरखडल्यानंतर लस घेतली होती का, हे विचारल्यावर मी खाली बघितलं. ते म्हणाले, “बाई, नशीब समजा. आपल्या देशात मांजर ओरखडलं तरी लस घ्यायची असते.”

मग त्यांनी बहिणीला आणि मला समोर बसवून सांगितलं. मांजराच्या ओरखड्यातून होणारा एक ताप-गाठीचा आजार असतो. बार्टोनेला हेन्सेले नावाचा जीवाणू तो घडवतो. तो मांजरांमध्ये पिसवांमार्फत पसरतो. पिसवांची विष्ठा मांजराच्या नखांत अडकते आणि ओरखडा निघाला की जखमेत जाते. मांजर स्वतः बहुधा आजारी दिसत नाही. पिल्लांकडून धोका जास्त, कारण त्यांच्या रक्तात हा जीवाणू असण्याची शक्यता जास्त आणि ती नखंही जास्त मारतात. बहुतेक मुलांना फोड, गाठ, थोडा ताप, एवढंच होतं आणि काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत आपोआप बरं वाटतं. शंभरातल्या दोन-चारांत मात्र मज्जासंस्थेला त्रास होतो. त्यात सगळ्यांत जास्त आढळतो तो मेंदूचा दाह, गाठ आल्यानंतर साधारण एक ते सहा आठवड्यांत. चांगलं खेळतं मूल अचानक झटक्यात जातं, मग गुंगी, गोंधळ, कधी मारहाण. ताप नसूही शकतो. स्कॅन आणि पाठीतलं पाणी दोन्ही स्वच्छ येऊ शकतात. काहींच्या चेहऱ्याची एक बाजू लुळी पडते, काहींची नजर एकदम अधू होते आणि तपासताना डोळ्याच्या पडद्यावर चांदणीसारखा आकार दिसतो.

“म्हणजे मशीन सांगत नाही, तर कळतं कशावरून?” बहिणीनं विचारलं.

“हात बघून, काख बघून आणि विचारून,” डॉक्टर म्हणाले. “रक्ताची तपासणी आहे, पाठवतो. पण ती करायची हे सुचायला आधी मांजर कळावं लागतं.”

रक्त बाहेरगावी पाठवलं. औषधं लगेच सुरू झाली. दोन प्रतिजैविकं आणि झटक्यांवरची औषधं. काही दिवसांनी रिपोर्ट आला. त्या जीवाणूविरुद्धच्या प्रतिपिंडांचं प्रमाण खूप वाढलेलं होतं.

नंतर मी या आजाराबद्दल मिळेल ते वाचलं. शिक्षकाची खोड, आणि थोडं प्रायश्चित्तही. १९५० साली पॅरिसमध्ये रॉबेर देब्रे या बालरोगतज्ज्ञानं या आजाराचं वर्णन प्रसिद्ध केलं. जीवाणूची नेमकी ओळख पटली १९९२ साली, अमेरिकेत. म्हणजे मधली बेचाळीस वर्षं डॉक्टर हा आजार ओळखत होते, पण त्याचं कारण हाती नव्हतं. तेव्हा त्यांच्याजवळ होतं काय? एक गाठ, त्वचेवर करायची एक चाचणी आणि एक प्रश्न, मांजराशी संबंध आला होता का.

१९९४ साली ऑगस्ट-सप्टेंबरात दक्षिण फ्लोरिडात पाच मुलांना न थांबणारे झटके येऊन दवाखान्यात आणावं लागलं. तपासाअंती कारण हेच निघालं. पाचही मुलं बरी झाली. त्याआधी १९९१ साली कॅरिथर्स आणि मार्गिलेथ या दोन अमेरिकन डॉक्टरांनी मज्जासंस्थेला त्रास झालेल्या ७६ रुग्णांची माहिती एकत्र छापली होती. त्यांतल्या ६१ जणांना मेंदूचा त्रास होता. जवळजवळ निम्म्यांना झटके आले होते, ४० टक्के रुग्ण अंगावर धावून जात होते, आणि निम्म्यांना ताप नव्हता. मी ते वाचताना थांबले. दादी ज्याला असर म्हणत होती, ते वागणं या आजाराच्या लक्षणांत कधीच नोंदलेलं होतं. पुढचं वाक्य मी बहिणीला मराठीत वाचून दाखवलं: ७८ टक्के रुग्ण १ ते १२ आठवड्यांत बरे झाले, आणि वर्षभरात सगळेच.

औषधांबद्दलही खरं ते सांगायला हवं. गाठ लवकर उतरायला एका प्रतिजैविकाची मदत होते, हे १९९८ साली छापलेल्या एका छोट्या चाचणीत दिसलं होतं. मेंदूच्या त्रासासाठी तशी खात्रीची चाचणी झालेली नाही. झटके आवरणं, श्वास सांभाळणं, वाट बघणं, हाच मुख्य इलाज. म्हणून कुणी हा लेख वाचून औषधाच्या दुकानात जाऊ नये.

आमच्या पोरानं पाचव्या दिवशी आईला ओळखलं. आधी पाणी मागितलं, मग मला बघून विचारलं, “खाला, मलाई कुठंय?” बहिणीनं माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली. घरी आल्यावर दोन आठवडे तो चिडचिडा होता, शब्द शोधायचा, अक्षर गिचमिड यायचं, ‘ळ’ काढताना हात अडायचा. महिन्याभरात सगळं पूर्ववत झालं. काखेतली गाठ जायला त्याहून जास्त वेळ लागला. झटक्यांची औषधं काही महिने चालली, मग डॉक्टरांनी हळूहळू बंद केली.

बहीण मात्र माझ्याशी बोलत नव्हती. पोराला माझ्याकडं पाठवणंही बंद. महिन्याभरानं स्वतःच आली, चहा घेतला आणि म्हणाली, “आपा, मांजराचा मला राग नाही. ओरखडा काय, कुठंही झाला असता. पण तू माझ्या लेकराला माझ्यापासून लपवायला शिकवलंस. तुझं ऐकून तो गप्प बसला. गाठ आली तेव्हाही गप्प बसला. मी विचारलं होतं त्याला, कुठं लागलं का म्हणून.” मला उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

नातेवाइकांचा आग्रह होता, मांजर सोडून द्या. भाच्यानं रडून घर डोक्यावर घेतलं. मी मलाईला टोपलीत घालून पशुवैद्यकीय दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी बारीक फणी फिरवली, निघालेले काळे कण ओल्या कापसावर ठेवले. कणांभोवती तांबूस डाग पसरला. “ही पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त,” ते म्हणाले. पिसवांचं औषध लावलं, ते ठरल्या अंतरानं पुन्हा लावायचं सांगितलं, नखं कापायला शिकवलं, रेबीजची लस टोचली. मांजर हाकलायची गरज नाही, पिसवा हाकला, असं त्यांचं म्हणणं. मुलांनी पिल्लाला हातानं खेळवू नये, दोरी-चेंडूनं खेळवावं. उघडी जखम चाटू देऊ नये. ओरखडा निघालाच, तर वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी सरकारी दवाखाना गाठायचा. हळद नाही, चुना नाही, तिखट तर नाहीच. पुढं गाठ आली, ताप आला, वागणं बदललं, तर डॉक्टरांना न विचारता सांगायचं की मांजर ओरखडलं होतं.

मलाई अजून आहे. भाचाही येतो, आता बहीण स्वतः सोडायला येते आणि पाच मिनिटं दारात उभी राहून त्याचे हात बघून जाते.

शाळेत मी एक गोष्ट सुरू केली आहे. दर सोमवारी हजेरी झाली की विचारते, “या आठवड्यात कुणाला कुठल्या प्राण्यानं चावलं, ओरखडलं, चाटलं?” पहिल्या सोमवारी कुणी हात वर केला नाही. दुसऱ्या सोमवारी मी आधी माझी गोष्ट सांगितली, मी काय लपवलं ते सगळं. आणि म्हटलं, सांगणाऱ्याला मार नाही, ओरडा नाही, घरी सांगायला मी सोबत येईन. मागच्या बाकावरच्या एका मुलीनं हळूच पायजमा वर केला. कुत्र्याचे दात लागले होते, तीन दिवसांपूर्वी. इंजेक्शनच्या आणि बापाच्या भीतीनं तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. मधल्या सुट्टीत तिच्या आईला घेऊन आम्ही ग्रामीण रुग्णालयात गेलो.

आता माझा प्रश्न ‘घरात मांजर आहे का?’ असा नसतो. ‘तू कुणाकुणाशी खेळतोस? त्यांच्याकडं कोणकोणते प्राणी आहेत? काही लागलं तर तू कुणाला सांगतोस?’ असा असतो. शेवटच्या प्रश्नाला मुलं जरा थांबतात. मी वाट बघते.